सातूला ऊब

नाल्यावरच्या बर्फावर माझा पाय घसरला आणि पाण्याचा डबा घरंगळत खाली गेला. तो पायाने अडवला थिनलसने. वरच्या घरातला थिनलस. लेहला कॉलेजात शिकायचा, लोसरच्या सणासाठी गावी आला होता. डबा देताना म्हणाला, एवढं पाणी कशाला? मी सांगितलं, सणाची छांग पुन्हा घालतेय. पहिले सातू आंबलेच नाहीत, गारठून तसेच राहिले.

दरवर्षी छांग, सातूची ही घरगुती दारू, आई घालायची. ती पानगळीत गेली. घरात आता मी आणि माझे वडील, अबा-ले. गोवऱ्या संपत आलेल्या, चूल सकाळपुरती पेटायची. उकडलेल्या सातूला खमीर लावून, पोत्यात भरून मी ते आईच्या खोलीत, तिच्याच पांघरुणांत गुंडाळून ठेवत होते, तेही त्याला सांगितलं.

"कुशीत घेऊन झोप," थिनलस म्हणाला.

"पोत्याला?"

"दुसरं कुणी असेल तर..." आणि तो पाण्याकडे बघत राहिला. आई गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी अबा-ले गोम्पात पूजेला गेले होते. दुपारी मी मेंढ्यांना चारा घालून आले, तर पोतं उबदार! पांघरुणाखाली तापलेले दगड होते. कुणाचं काम ते लगेच कळलं, गालातल्या गालात हसले... मग पांघरुणाच्या कडा दिसल्या. दोनदा दुमडून आत खोचलेल्या. तशा फक्त आई खोचायची.

मी थेट थिनलसकडे गेले. तो कानापर्यंत लाल झाला. हो, म्हणाला, आमच्या चुलीतले दगड फडक्यात बांधून आणले होते, कडेने सरकवून आलो.

"आणि पांघरूण?"

"त्याला हात नाही लावला. दोनच दगड ठेवले मी."

"तीन आहेत."

तो माझ्याबरोबर आला. तिसरा दगड उघडा होता, काजळी धरलेला, आमच्याच चुलीतला. चुलीत नुसती राख, गार पडलेली. पण दगडाला बोट लावलं तर चटका बसला. पोत्यातून सातू हळूहळू कुजबुजत होते. गोडसर, आंबूस वास दरवळत होता.

"यांगडोल," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मी आलो तेव्हा इथे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मला वाटलं तू झोपलीयस... म्हणून पाय न वाजवता परतलो."

आम्ही स्वयंपाकघरात आलो. त्याने माझे हात आपल्या गोंच्याच्या, लोकरी अंगरख्याच्या, बाहीत घेतले. मग अडखळत सांगितलं, की त्याचे मामा आमच्याकडे लग्नाच्या मागणीची छांग घेऊन येणार होते, त्यानेच थांबवलं. आई गेलेल्या घरात कसं विचारायचं?

आतल्या खोलीत पांघरूण झटकल्यासारखा आवाज झाला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"आता... येऊ देत त्यांना?" त्याने विचारलं.

"येऊ देत," मी म्हणाले — आतही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.