चव्वेचाळिसावा मासा

धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी मार्चमध्येही गार असतं. पहिल्या सकाळी मी तापमापी बुडवून पाहिली. पाणी बावीस अंश, बाहेर चौतीस.

"ट्राउटला हे गरमच पडेल," फर्डिनंडमामा म्हणाले. "पण तुमच्या महाशीरला बेस्ट."

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. वीस वर्षं अमेरिकेत होते आणि तिथे सुट्ट्या धरणांखालच्या नद्यांत ट्राउट पकडण्यात घालवल्या. आता गावी, नंदाखालला परतलेत, केळीच्या बागेत उभे राहून गळ फेकायचा सराव करतात. गळाला आमिष नसतं. कोंबड्याचं पीस आणि रेशमी धागा बांधून केलेली खोटी माशी असते. गळाच्या टोकाला उलटा काटा नसल्यामुळे मासा इजा न होता सोडता येतो. म्हणूनच धरणाच्या पाण्याची चौकशी करणाऱ्या समितीला मी त्यांचं नाव सुचवलं होतं.

विरारच्या पूर्वेला, पारोळच्याही आत, डोंगरात हे लहान धरण आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी मी त्याच्याखालच्या नदीत साठ महाशीर माशांना टॅग लावले होते. पाठीच्या पराजवळ टोचलेला पिवळा दोरा, त्यावर नंबर. दोन महिन्यांनी त्यांतले एकतीस पुन्हा सापडले. त्यावरून मी अहवाल दिला की उन्हाळ्यात तळाचा दरवाजा बोटभर उघडा ठेवला तरी मासे जगतात. तेव्हापासून तो बोटभरच उघडा असतो. एप्रिलपर्यंत खालच्या पाड्यातले डोह आटतात, मळे करपतात. पाड्याने तक्रार केली होती आणि सोमवारी सुनावणी होती. त्याआधी तीन दिवस गळ टाकून टॅगचे मासे उरलेत का, ते आम्ही पाहायचं होतं.

खरं असं की साठ नव्हते. एकोणीस होते. विसावा मासा हातातून सुटला तेव्हा अवकाळी पाऊस लागला होता आणि संध्याकाळी चुलतबहिणीच्या लग्नाचा रोस होता, नवरीला नारळाचं दूध लावायचा विधी. मी गाडीत बसून उरलेले एक्केचाळीस मासे वहीत भरले. ३१.४ सेंटिमीटर. २८.९. दशांश चिन्हानंतर आकडा दिला की कोणी शंका घेत नाही. उरलेले टॅग येताना खाडीत टाकले. दोन महिन्यांनी पुन्हा सापडलेले एकतीसही त्याच गाडीत बसून सापडले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता तीन दिवसांत एकही टॅग सापडला नाही, तर अहवाल आपोआप पडणार होता. पाणी सुटलं असतं आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. मी त्याचसाठी आले होते.

जेवणाची सोय पाड्यातल्या कमळीकडे होती. ती पन्नाशीची असेल. रोज सकाळी डोहातून स्वतःपुरते मासे आणायची. तिने मला लगेच ओळखलं.

"मासे मोजायला आलेल्या त्याच ना तुमी? तेव्हा बारीक होत्या."

"हो."

"आमी पन बारीक झालो," ती म्हणाली आणि हसली.

दहा वाजता मामांनी पहिला मासा काढला. त्याने ओढ घेतली नाही, झटका दिला नाही. काठीवर ओला कपडा लोंबावा तसा आला.

"एली! तुझा मासा!" मामा ओरडले. पिवळा दोरा उन्हात चमकत होता.

नंबर २७.

मी पट्टीवर ठेवला. ३१.४.

सहा वर्षांत महाशीर वाढायला हवा. दोऱ्यावर शेवाळ चढायला हवं. टॅग कातडीत शिरतो तिथे व्रण असतो. तो नव्हता. दोरा खवल्यांमधून केसासारखा उगवलेला होता. मासा पाण्याइतका गारही नव्हता. बंद गाडीत राहिलेल्या वस्तूसारखा कोमट होता.

कमळी काठावर भांडी घासत होती. तिने दोरा पाहिला आणि राख लागलेले हात तसेच धरून राहिली.

"म्हंजे जगतात ते," ती म्हणाली. "बोटभर पान्यात."

मी नंबर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी चार सापडले. ३३, ५२, ५८, ४४. एक ते एकोणीसमधला एकही नाही. मी हाताने टोचलेले मासे मेले होते. जे आले ते सगळे वहीतले होते.

चव्वेचाळिसावा हातात घेतल्यावर मी त्याला उलटा केला नाही. मला आठवत होतं. सलग आकडे बनवलेले दिसू नयेत म्हणून त्याच्यापुढे मी एक शेरा लिहिला होता: डावा डोळा नाही.

मामांनी उलटा केला. "अरे, बिचारा."

जखम नव्हती. खोबण नव्हती. डाव्या बाजूला डोळ्याच्या जागेवरून खवले सरळ पुढे गेले होते, एकसारख्या ओळीत.

दुपारी कमळीने ताटात भात वाढला. मामा बाहेर काठी पुसत होते.

"ताई, एक विचारू? रागावू नका. तेव्हा तुमी खरंच मोजलेले?"

तिने हे आरोप म्हणून विचारलं नव्हतं. मी 'नाही' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"हो," मी म्हणाले.

"मग काय बोलनार," ती म्हणाली आणि माझ्या भातावर आणखी कालवण घातलं. माशाचा मोठा तुकडा मला दिला. मी तो खाल्ला.

तिसऱ्या सकाळी मी दोन दिवसांचं पान फाडलं. नव्या पानावर तारीख, ठिकाण, तापमान लिहिलं. पुढच्या रकान्यात 'टॅगचे मासे' असं होतं. तिथे शून्य लिहून मला थांबता आलं असतं. पण लपवायची सवय सावध असते. मासेच नाहीत म्हटलं की पुन्हा कोणी गळ टाकून आम्हाला खोटं पाडणार नाही, असं वाटलं. मी 'टॅगचे' हा शब्द खोडला आणि लिहिलं:

मासे: शून्य.

मामा पाण्यातून बाहेर आले. मी वही पुढे केली.

"कुठे सही?" त्यांनी विचारलं. वाचलं नाही. माझा कागद ते कशाला वाचतील? ओल्या बोटांनी सही केली.

मग मी नदीकडे पाहिलं.

पाणी सपाट होतं. दोन दिवस डोहावर उठणारी वर्तुळं उठत नव्हती. काठावर बगळा नव्हता. शेवाळाचा वास नव्हता. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी दगडांवरून जात होतं.

"मामा, अजून एकदा टाकता?"

"काय टाकू?" ते म्हणाले. त्यांनी हातातल्या काठीकडे पाहिलं. "छान फिरणं झालं, एली. चल, भूक लागली."

कमळीने वांग्याचं कालवण वाढलं.

"आज मासा नाही?" मी विचारलं.

"मासा खायचा तर अर्नाळ्याला दर्यावर जा की!" ती हसली. "ह्या पान्यात कसले मासे?"

मला वाटलं, टोमणा आहे. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

"आणि सोमवारी? सुनावणीला?"

"कसली सुनावनी?" तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "जीव नाय तिथं पानी कोन सोडनार, ताई? दरवाजा बंदच असतो. डोंगरातून पाझरतं तेवढंच."

मी उठले. अंगणात वही उघडून शून्य खोडलं. त्याखाली सगळं खरं लिहिलं. एकोणीस. एक्केचाळीस. पाऊस, रोस, गाडी, खाडी. मी कमळीला दिलेला जबाबही लिहिला. दोन पानं झाली. खाली सही केली आणि थांबले.

खरं लिहिलेलं कागदावर तसंच राहिलं. बाकी काही झालं नाही.

मामांनी गाडी सुरू केली. मी हात धुवायला झोपडीमागे गेले. तिथे चार खांबांवर मासे धरायचं जाळं ताणलेलं होतं, त्याला शिशाचे मणी लोंबत होते. त्यावर वालाचा वेल चढवला होता. त्याची खोडं माझ्या अंगठ्याहून जाड होती. जाळ्याचे फास त्यांच्या सालीत रुतून आत गेले होते. असं व्हायला वर्षं लागतात.

"हे काय आहे?" मी विचारलं.

कमळीने एक मणी बोटांत धरून फिरवला.

"सासऱ्याच्या आधीपासनं आहे," ती म्हणाली. "कशाचं आहे, कोनाला म्हाईत."