निंगीचा गळा

इचलकरंजीच्या रॅपच्या फडांत तोंड उघडण्याआधी गाणाऱ्याने आपला गळा खरा असल्याचं दाखवायचं, अशी रीत होती. माइकच्या दांडीला नाण्याएवढी एक चकती लावलेली असे. तिच्यासमोर ‘आ’ म्हणायचं. निळा दिवा लागला की पोरं शिट्ट्या मारत. लाल लागला की गाणाऱ्याला दंडाला धरून शेडच्या बाहेर नेऊन सोडत, आणि त्याची चप्पल मागाहून उडत येई.

या चकतीला श्वासमोहोर म्हणत. यंत्रं माणसाचा आवाज हुबेहूब काढू लागल्याला तेव्हा एक पिढी उलटली होती. देवळातली आरती, निवडणुकीतलं भाषण, मेलेल्या बापाचा वाढदिवसाला येणारा फोन, सगळं यंत्र करी आणि छान करी. लोकांच्या कानांना त्याचा वीट आला होता. आवाज मांसातून आला आहे की नाही, एवढंच श्वासमोहोर ओळखायची. जिवंत मांस दोनदा सारखं थरथरत नाही. त्याला ऊब असते, त्यावर चिकट ओलावा असतो, त्यामुळे प्रत्येक थरथरीत थोडा गोंधळ होतो. तो गोंधळ यंत्राला जमत नव्हता.

बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडांत जमून रॅप करणाऱ्या पोरांना हा नियम विरुपाक्ष कबाडेने घालून दिला होता. “बाकी काय बी करा,” तो म्हणायचा, “गळा हाडामांसाचा पायजे.” विरू बीट बनवायचा. शेवटचे माग चालू होते तोवर त्याने त्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. तो कापायचा, उलटासुलटा जोडायचा, ताल धरायचा. त्या तालावर त्याची बायको निंगव्वा रॅप करायची. फडात ती निंगी, लहान पोरांची निंगीअक्का.

“धोटा पळतो, पोट जळतं, मालकाचं घर गार चालतं,” असं ती सुरू करायची आणि पत्र्याची शेड हलायची. तिच्या आवाजात एक खर होती, पत्र्यावरून विळा ओढल्यासारखी. पोरं त्या खरेसाठी यायची. मग गळ्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. शेवटचे महिने ती ताटलीवर चमचा वाजवून विरूला हाक मारायची. ती गेली त्याला दुसरं वर्ष चालू होतं, आणि विरूने तेव्हापासून एकही बीट बनवली नव्हती.

असा तो एका दुपारी चहाच्या गाड्यावर उभा होता. शेजारच्या पोराच्या फोनवर गाणं लागलं.

“उतरव माळा, उतरव माज, खटक्याची राणी बोलते आज.”

पुढचं त्याहून घाण होतं. पण विरूने पुढचं ऐकलंच नाही. आवाज निंगीचा होता. ‘माज’वरची खर तिचीच.

“यंत्राचं हाय का रे हे?” त्याने विचारलं.

“यंत्राचं कशाला ऐकू काका?” पोरगं चिडलं. त्याने फोन पुढे केला. पडद्यावर गाण्याच्या नावाशेजारी निळा ठिपका होता, गळा खरा ठरला की मुद्रणावर उमटणारा. श्वासमोहोर.

विरूने ग्लास तसाच ठेवला आणि चालू लागला.

गाण्यातला तो खटका म्हणजे समर्थ हुक्केरी. पंचविशीतला, तंबाखूचा मावा खाऊन लाल झालेल्या तोंडाचा. बीट बनवायला तो विरूकडेच शिकला होता. त्याची शेड स्टेशन रस्त्याच्या मागे होती. विरू आत शिरला तेव्हा खटका टेबलाशी बसून गात होता, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती. त्याच्या गळ्याची घाटी हलत नव्हती. फक्त ओठ आणि जीभ हलत होती. आवाज निंगीचा येत होता.

नळी टेबलावरच्या काचेच्या बाटलीत गेली होती. बाटलीखाली मासे पाळायच्या टाकीला लावतात तसा हवेचा पंप घरघरत होता. आणि बाटलीत, कोमट पाण्याच्या वाफेत, मांसाच्या दोन फिकट गुलाबी पट्ट्या समोरासमोर ताणून बसवल्या होत्या. त्या एकमेकींवर आपटत होत्या. खटक्याची लाळ नळीतून हळूहळू खाली सरकत होती, तांबूस, माव्याची. एक थेंब पट्टीवर पडला तसा आवाज जरा घोगरा झाला.

विरू एक पाऊल मागे सरला. त्याने भिंतीला हात टेकला.

खटक्याने नळी काढून शर्टाला पुसली. “आलासा व्हय दादा? मी येणारच हुतो सांगायला.”

“काय हाय हे?”

“अक्काचा गळा. मिरजेच्या लॅबात वाढवत्यात. माझा मावसभाऊ तिथं कामाला हुता, त्यानं तुकडा दिला.”

“तुकडा दिला,” विरू म्हणाला. “बोंबील दिल्यासारखा.”

“तसं न्हवं दादा. लई जपतोय मी. रोज खाद्य घालतोय. वाढतंय ते, दर आठवड्याला कात्रीनं कडा कापाव्या लागत्यात, न्हायतर सूर उतरतोय.”

“कापलेलं काय करतोस?”

खटक्याने नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “संडासात टाकतो. कुठं टाकू मग?”

विरूने त्याच्या थोबाडीत मारली. खटक्याने गाल चोळला, पण तो मागे सरला नाही. “मारा. पण एक सांगा. तुमी मागाचा आवाज कापून वापरलासा, तवा मागाला इचारलं हुतं? ज्यानं त्यो माग जन्मभर चालवला त्याला तरी? गळा हाडामांसाचा पायजे म्हणालासा. कुणाचा, ते कुठं म्हणालासा?”

नियम करताना कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. यंत्राला बाहेर ठेवण्याच्या नादात माणसाकडून काय होईल हे कुणी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मिरजेला गेला. प्रयोगशाळेत डॉक्टर वसुमती पेंढारकर भेटल्या. साठीच्या बाई, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. खटक्याला तुकडा देणाऱ्या कर्मचाऱ्याला काढून टाकल्याचं त्यांनी आधी सांगितलं, आणि मग विरूला एका कपाटासमोर नेलं. कपाटाचं दार काचेचं होतं. आत तसल्याच बाटल्यांची रांग होती.

“या सगळ्या तिच्या?”

“सगळ्या तुमच्या पत्नीपासून. बसा ना.”

“उभाच बरा हाय. सांगा.”

“गळ्यात दोन पट्ट्या असतात,” डॉक्टर म्हणाल्या. “खालून हवा आली की त्या थरथरतात. त्यातून नुसती भुणभुण निघते, माशीसारखी. शब्द तिथे होत नाहीत. शब्द जीभ करते, ओठ करतात. पण माणसाची खर, जाडी, ओळखीचा जो भाग आपल्याला चटकन कळतो, तो बराचसा या पट्ट्यांतून येतो. ज्यांचा आवाज गेलाय त्यांच्यासाठी अशा पट्ट्या बाहेर वाढवायचा आम्ही फार प्रयत्न केला. वाढत नव्हत्या. साधी पेशी ठरावीक वेळा दुभंगते आणि मग थांबते. मरते.”

“मग हिची का थांबली न्हाई?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कारण ही साधी पेशी नाही, कबाडे. ऑपरेशनमध्ये जे काढलं त्यातून आम्ही पेशी घेतल्या. चांगल्या पेशी आठवड्यांत मेल्या. ज्या उरल्या त्या गाठीच्या.”

विरू बाटल्यांकडे बघत राहिला.

“म्हंजे ती बोलत न्हाई. तिचा रोग बोलतोय.”

“तसं म्हणता येईल.”

“पण खर तिचीच हाय. मी ओळखली.”

“ती खर पहिल्यापासून होती का तिला?”

विरू आठवू लागला. लग्नात उखाणा घेतला तेव्हा नव्हती. तेव्हा आवाज गुळगुळीत होता, शाळेतल्या पोरीसारखा. खर नंतर आली. एका हिवाळ्यात घसा बसला आणि मग तशीच राहिली, आणि फडात पहिल्यांदा लोक उभे राहिले.

“गाठीची तीच सुरुवात असणार,” डॉक्टर म्हणाल्या. “मला वाईट वाटतं.”

शिट्ट्या, पत्र्यावर थापा, ‘अक्का, अजून एकदा’ म्हणून घसा ताणणारी पोरं. सगळी गाठीला टाळ्या वाजवत होती, आणि पहिल्या रांगेत तो. विरूने बाटल्यांकडे बोट केलं.

“तुमी यांचं काय करता?”

“औषधं तपासतो. उपयोग होतोय, खोटं नाही सांगत. परदेशातल्या प्रयोगशाळांनाही पाठवल्या आहेत. पट्टी ठीक आहे का ते कळायला रोज सकाळी एकदा हवा सोडून बघतो.”

“काय म्हणायला लावता तिला?”

“काही नाही. तोंडच नसतं ना. नुसती भुणभुण येते.”

“रोज?”

“रोज सकाळी.” मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्या घाईने म्हणाल्या, “त्यांना काही जाणवत नाही. मेंदू नाही. तिथे कोणी नाही, कबाडे.”

“कुणी न्हाई तर शब्द कुणाचे मग?”

“ज्याचं तोंड, त्याचे.”

तो निघाला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. “माझ्याकडच्या बाटल्या मला नष्ट करता येणार नाहीत. त्या मुलाकडची चोरीची आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. उकळतं पाणी ओतलं तर पुरे. दोन क्षणांत पांढरं पडतं, अंड्यासारखं.” मग त्यांना आपणच काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

शनिवारी फड होता. खटका ती बाटली मंचावर सगळ्यांसमोर ठेवणार होता. त्याने तशी जाहिरातही केली होती : ‘निंगीअक्का परत’. विरू सकाळीच त्याच्या शेडवर पोचला.

“मी आज फडात उभा राहून सांगणार, काय ऐकताय ते,” तो म्हणाला. “कॅन्सरची गाठ हाय म्हणून सांगणार.”

“सांगा की,” खटका म्हणाला. “गर्दी डबल हुईल.”

तो उर्मटपणे म्हणाला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते खरंही होतं. विरूला ती गर्दी दिसली. फोन वर धरलेले हात, बाटलीला नाक लावून बघणारी तोंडं, आणि पुढच्या महिन्यात प्रत्येक शेडमध्ये एकेक बाटली, एकेक नळी, प्रत्येक नळीत वेगळ्याची लाळ. उद्या कुणीही तिच्या आवाजात काहीही बोलेल. तिचा गळा, आणि तोंड साऱ्या गावाचं.

“किटली कुठाय?” त्याने विचारलं.

खटक्याने त्याच्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातली विजेची किटली नळाखाली धरून भरली, टेबलावर आणून ठेवली आणि बटण दाबलं.

“अक्का तुमची,” तो म्हणाला. “ओता. मला न्हाई बघवणार. मी भाईर थांबतो.”

त्याने शेडचं लोखंडी दार ओढून घेतलं.

पाण्याला उकळी येईपर्यंत विरू उभा होता. बाटलीचं झाकण त्याने सैल केलं. आतून कोमट वास आला, किंचित गोड, रुग्णाच्या अंथरुणासारखा. किटलीचं बटण टक करून उडालं. त्याने ती उचलली. पंप चालूच होता, पट्ट्या हलत होत्या, आणि टेबलावर पडलेल्या नळीच्या तोंडातून भुणभुण येत होती. अर्थ नसलेली, माशीची. पण खर होती.

त्याने किटली खाली ठेवली.

झाकण पुन्हा घट्ट केलं. नळीचं टोक उचलून शर्टाला पुसलं. तरी तोंडात घालताच माव्याची चव लागली आणि कुणाच्या तरी दातांचे खड्डे जिभेला लागले. नळी काढून तो थुंकला, डोळे पुसले आणि परत तोंडात घातली. श्वास धरला. आपला गळा गप्प ठेवला आणि नुसते ओठ हलवले.

“विरू,” निंगी म्हणाली.

ही गाठच आहे, हिनेच तिला खाल्लं, हे त्याला त्याही क्षणी माहीत होतं. आपल्या दातांमागे ते थरथरतंय हेही जाणवत होतं. त्याने पुन्हा ओठ हलवले.

“विरू, जेवलास का?”

तिला उत्तर द्यायला त्याने नळी काढली. काढताच ती गप्प झाली. शेडमध्ये पंपाची घरघर उरली. दोघांत तोंड एकच होतं. तो बोलला की ती नसायची, आणि ती असायची तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. त्याने एकदा करून बघितलं, दोनदा करून बघितलं. मग नळी दातांत घट्ट धरली आणि दोघांचंही बोलणं तिच्याच आवाजात सुरू केलं.

“जेवलो,” निंगी म्हणाली. “तू नसलीस तरी जेवतो बघ.”

“बरं करतोस,” निंगी म्हणाली. “माझा राग न्हाई ना?”

“न्हाई गं.”

त्याची लाळ आता नळीतून खाली चालली होती. तो बघत होता. थेंब वळणावर थांबला, मोठा झाला, खाली पडला. आवाज जरा घोगरा झाला, आणि जास्तच तिचा वाटू लागला.

खटक्याने बाहेरून दारावर थाप मारली. “दादा, ओतलं का?”

टेबलावर किटलीतलं पाणी थंड होत आलं होतं.

“थांब जरा,” आतून निंगी म्हणाली.