न विचारता पुसलेली डिस्क

साकीनाक्याच्या जुन्या कॉम्प्युटर पार्टांच्या दुकानात एकच नेटवर्क कार्ड उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"माझं आहे," तेजल म्हणाली.

"नाव लिहिलंय?" तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली... तेजल उगाचच कार्डाकडे बघत राहिली.

ती घाटकोपरच्या एका अभ्यासिकेतली आठ जुनी मशीन्स सांभाळायची. तो विक्रोळीचा मिथुन, नेटवर्कची कामं करायचा. त्यानं कार्ड सोडलं, पण एका अटीवर – मशीनवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम टाकणार, ते सांगायचं.

"नेटबीएसडी. कितीही जुन्या मशीनवर चालते."

"ओपनबीएसडी टाक गं! नेटबीएसडीतूनच फुटून निघाली, पण तिची माणसं कोडची एकेक ओळ वाचून चुका शोधतात."

"आणि आमची माणसं कुठलंच मशीन भंगारात काढत नाहीत."

"मग मलाही ठेवून घे," तो बोलून गेला, आणि तिनं बिलामागे अभ्यासिकेचा पत्ता लिहून दिला.

रविवारी तो अभ्यासिकेत आला. मग दर रविवारी. एका मशीनवर तिची सिस्टिम, शेजारच्या मशीनवर त्याची, आणि मध्ये झकास वाद. "दोन्ही सिस्टिमवाले भांडून वेगळे झाले ना, तरी आजही एकमेकांचं चांगलं काम उचलून घेतात," असं सांगताना त्याचा आवाज हळू व्हायचा. तेजल वायर शोधायच्या निमित्तानं जवळ सरकायची.

एका रविवारी मात्र त्यानं वाट लावली. तेजल यायच्या आधीच तिच्या मशीनची डिस्क पुसून त्यानं त्यावर ओपनबीएसडी चढवली. मशीन जास्त सुरक्षित झालं म्हणून ती खूश होईल, या समजुतीत! त्या डिस्कवर अभ्यासिकेत येणाऱ्या जयंतीच्या नर्सिंगच्या वर्षभराच्या नोट्स होत्या. कॉपी कुठेच नव्हती.

जयंती रडली. तेजल नाही रडली.

"तुला सगळं कळतं रे, मिथुन. फक्त आधी विचारायचं असतं, तेवढं कळत नाही. येऊ नकोस."

दोन रविवार तो आला नाही. दार वाजलं की तेजलची मान वर व्हायची, आणि मग ती स्वतःवरच चिडायची.

तिसऱ्या रविवारी जयंती धावत आली. "ताई, मिथुनदादा रोज ऑफिस सुटल्यावर घरी यायचा! मैत्रिणींच्या वह्या आणल्या, राहिलेलं मी आठवून सांगितलं. एकशे चौदा पानं टाइप केली त्यानं. औषधांची नावं तर तीन-तीनदा विचारून!"

मागे दारात तो उभा होता – चपला काढाव्यात की नाही, या विचारात.

"आत ये," तेजल म्हणाली.

तो मशीनसमोर बसला. "तुझी नेटबीएसडी परत टाकू?"

"मत बदललं वाटतं?"

"नाही गं. मला अजूनही ओपनच बरी वाटते. पण मशीन तुझं आहे."

तिनं हसू दाबलं. "टाक."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकत राहिल्या. त्याची बोटं कीबोर्डवर थबकली.

"तेजल... अजून एक विचारू?"

"विचार ना."

"रविवार सोडून... बाकीच्या दिवशीही भेटशील?"

 तिनं आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला टेकवली आणि बसली.

"उद्या सोमवार," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "घरी सांगून ये. आमच्याकडे जेवायला आहेस."