पाठीवरचा सांगाडा

"एक्सएल आहे. बाकी काही नाई उरलं."

समोरच्या पोरानं काळा टी-शर्ट पुढे केला, तेव्हा संघप्रियाला आधी दिसले त्याचे लाजून लाल झालेले कान. सिरोंच्याजवळच्या जंगलात जीवाश्म शोधायचं चार दिवसांचं शिबिर, बारा विद्यार्थी, आणि बारा टी-शर्ट वाटायचं काम राजुऱ्याच्या प्रफुलकडे. पाठीवर डायनासोरचा पांढराशुभ्र सांगाडा छापलेला. मूल गावातल्या घरात लहानपणापासून दगड गोळा करून आईच्या शिव्या खाल्लेल्या संघप्रियाचा त्यावर जीवच जडला. घालून पाहिला तर गुडघ्यापर्यंत आला.

"लेडीज साइज काऊन नाई मागवला?"

"मागवला होता न. दुकानदार म्हणे, पोरींच्या मापात फुलपाखरू आहे. हाडं फक्त पोरांच्या मापात."

"म्हणजे मले हाडं नाईत?"

"आहेत न..." तो बोलून गेला आणि जीभ चावली. "म्हणजे — असतीलच."

ती खळखळून हसली. खरं तर तिथंच ती कामातून गेली होती, पण कबूल कोण करणार!

तीन दिवस दोघं एकाच खड्ड्यात बसून ब्रशनं माती झाडत राहिले. तिच्या लोंबत्या बाह्या तो सेफ्टी पिननं टाचून द्यायचा. दंडाला बोट लागलं की "सॉरी" म्हणायचा... आणि पुढचं वाक्य गिळून टाकायचा. चौथ्या दिवशी सगळे आपापल्या गावी परतणार होते. तो राजुऱ्याला, ती मूलला. त्या दिवशी कुणी बोललं नाही तर संपलंच.

त्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. प्रफुल खड्ड्यावरच्या दोऱ्या सोडवायला गेला होता. बाकीचे दहा जण शेकोटीभोवती चहा पीत होते, सगळे त्याच काळ्या शर्टात. संघप्रियानं कप खाली ठेवला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून ती त्याच्या मागं निघाली.

सागवानात शिरताच शेकोटीजवळचा हसण्याचा आवाज एकदम बंद झाला. एकही पाखरू बोलत नव्हतं. सागांखालच्या अंधारात काळं कापड नीट दिसत नव्हतं. पुढं नुसता पांढरा सांगाडा चालला होता. मान एका बाजूला कलती ठेवून चालायची ती सवय प्रफुलचीच. ती हाक मारणार, तोच तिला दिसलं... त्याच्याही पुढं आणखी एक सांगाडा होता. ढगळ शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला, अगदी तिच्यासारखा.

"तोंडावर नाई बोलता येत मले," प्रफुल त्या पाठीला सांगत होता. "तू अशीच चाल, मी मागून बोलतो. चार दिवसापासून झोप नाई मले... मले तू आवडतेस, संघप्रिया."

ती पाठ थांबली. वळली नाही.

संघप्रियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. दहा जण शेकोटीशी, अकरावा हा, बारावी ती स्वतः. मग हा तेरावा शर्ट कुणाचा? आणि त्या भीतीतही तिला भयंकर राग आला. तिच्या वाटणीचं बोलणं कुणी दुसरंच ऐकत उभं होतं!

"प्रफुल! मी इथी आहो!"

तो गर्रकन वळला. तिच्याकडे पाहिलं, मग पुढं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मंग — हे कोण आहे?"

"मले नाई माहीत. तिकडं पाहू नको, माझ्याकडं पाह्य. मघाशी जे म्हणाला, ते मले म्हण."

त्यानं नजर तिच्यावर रोखली. "मले तू आवडतेस. खूप. अन्... तुले मी?"

"हो."

आवाज हुबेहूब संघप्रियाचाच होता. पण तिनं तोंड उघडलंच नव्हतं. ते 'हो' धुक्यातून, सागाच्या बुंध्यांमागून आलं होतं.

प्रफुलची मान नकळत तिकडं वळू लागली. संघप्रियानं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून आपल्याकडे फिरवला. आजवर दुकानदार देईल ते दुसऱ्याच्या मापाचं ती मुकाट्यानं घालत आली होती. पण हे उत्तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती जाऊ देणार नव्हती.

"हो!" ती सगळा जीव एकवटून ओरडली. "मी म्हणून राह्यली, मी! मले आवडतोस तू!"

या वेळी धुक्यातून काही आलं नाही. प्रफुलनं तिचा हात घट्ट धरला. दोघं पळत सुटले, आणि शेकोटीजवळचे दहाही जण टकामका पाहू लागले तरी त्यानं तो सोडला नाही.