काटा पन्नासवरच

आधीच सांगतो, यात एक शब्दही माझ्या पदरचा नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो अमर माझा मामेभाऊ आहे. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे आम्हा घरच्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. हे सांगताना त्याचे कान लाल नव्हते.

आणि हे काही अमावास्येच्या मध्यरात्री घडलेलं नाही.

जानेवारीतली दिवेलागणीची वेळ. ढाणकीहून यवतमाळला जाणारा रस्ता. त्या दिवसांत टँकरवाल्यांचा संप चालू होता. पंपापंपांवर दोऱ्या बांधलेल्या, डिझेलचा थेंब मिळत नव्हता.

अमर जीप चालवतो. ढाणकी-उमरखेड सवारी भरतो. डिझेलच्या बाबतीत त्याची चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. चहाच्या टपरीवर लोक पोराबाळांचं कौतुक सांगतात, हा गाडीच्या अ‍ॅव्हरेजचं सांगत बसायचा.

हे वेड त्याला लावलं रहमत उस्तादने. अमरला गाडी शिकवली ती त्यांनीच. शिकवताना ते डाव्या सीटवर बसायचे आणि बोटातली चांदीची अंगठी डॅशबोर्डवर वाजवायचे.

एकदा टक... म्हणजे वेगाचा काटा पन्नासच्या खाली आण.

दोनदा टक टक... म्हणजे उतार आला, न्यूट्रल कर आणि चावी बंद.

"उतार उपरवाले ने दिया है बेटा," ते म्हणायचे, "उसपे तेल कायको जलाना?"

यवतमाळच्या त्याच रस्त्यावर सागाच्या जंगलातून एक लांब उतार आहे. एका संध्याकाळी उस्ताद तिथून इंजिन बंद करून चालले होते. खाली वळणावर कापसाचा ट्रक बंद पडलेला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे ड्रायव्हर लोकांना चांगलं माहीत असतं. उस्तादलाही माहीत होतं.

ते जागीच गेले.

आणि अमरने काय करावं? त्यांचीच जीप, तोंड नवं बसवून, स्वतः घेतली. "असं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी भंगारात द्यायची का?" म्हणाला. आम्ही सगळ्यांनी समजावलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे त्याचं लग्न झालं. दिपाली घरात आली. तिने उस्तादला कधी पाहिलंही नव्हतं.

त्या दिवशी दिपालीला आठवा महिना चालू होता. दुपारी अचानक अंगावरून जायला लागलं. गावातल्या डॉक्टरने हात टेकले. यवतमाळला न्या, म्हणाले, उशीर करू नका. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन नांदेडच्या वाटेला लागली होती.

अमरने जीप काढली. मागच्या सीटवर दिपाली, तिचं डोकं मांडीवर घेऊन इंदुताई. इंदुताई म्हणजे माझी मामी, अमरची आई.

त्याने टाकीचा काटा पाहिला. डिझेल जेमतेम होतं. त्याने मनात हिशोब केला. पन्नासने गेलं तर यवतमाळ कसंबसं गाठता येईल. ऐंशीने पळवली तर गाडी आर्णीच्या अलीकडेच उभी राहील. जंगलात. अंधारात.

इकडे आड, तिकडे विहीर.

तो पन्नासने निघाला.

मागून एकएक गाडी त्यांना ओलांडून जात होती. त्याने हात दाखवला, कुणी थांबलं नाही. दिपाली आधी कण्हत होती. मग कण्हणंही कमी झालं. अमरला त्या गप्पपणाचीच जास्त भीती वाटली.

"काहून इतकी हळू चालवून राह्यला रे?" इंदुताई ओरडली.

"डिझल नाही माय. पयवली तं मधातच बंद पडन."

"तुले डिझल दिसते, बायकोचा जीव दिसत नाही काय?"

ते शब्द त्याला झोंबले. त्याने पाय दाबला. साठ... सत्तर... ऐंशी. डिझेलचा काटा लाल रेघेच्या खाली टेकला.

"अहो..." दिपाली पुटपुटली. "बाळ हालत नाहीये."

अमर रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा.

आणि तेव्हाच तो उतार आला.

त्याने विचार केला नाही, असं तो शपथेवर सांगतो. हातांना जी सवय होती तेच हातांनी केलं. गिअर न्यूट्रल, चावी बंद. तेवढंच डिझेल वाचेल, एवढीच आशा.

इंजिन थांबलं. एकदम सगळं शांत झालं.

फक्त टायरचा आवाज. सर्रर्र...

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, हा आवाज दोन गाड्यांचा आहे.

त्याने आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता. दिवा नाही, गाडी नाही. तरी टायर वाजत होते... अगदी चिकटून. इंजिनाचा आवाज मात्र नव्हता.

मग तो आवाज जवळ आला. आणखी जवळ आला... आणि त्याच्याच गाडीखाली येऊन मिसळला.

डाव्या सीटची स्प्रिंग करकरली. कुणी बसल्यावर करकरते तशी.

टक... टक.

अमरने तिकडे मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही.

उतार संपला. त्याने चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि विझलं. पुन्हा फिरवली. काहीच नाही. डिझेल संपलं होतं.

"संपलं माय," तो म्हणाला. "सगळं संपलं."

पण गाडी थांबली नाही.

सपाट रस्ता आला, तरी गाडी चालतच होती. चढ आला. गाडी चढ चढली. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि काटा पन्नासवर. ना एक कमी, ना एक जास्त.

आर्णी मागे गेली. रस्त्याकडेच्या माणसांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"अमर, पयव ना बापा! पोरगी थंडी पडून राह्यली!"

त्याने अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला. काही फरक नाही. त्याने स्टेअरिंगवर डोकं आपटलं आणि डाव्या सीटकडे न पाहता हात जोडले.

"उस्ताद... आज एक बार. भगाओ ना उस्ताद. तुमच्या पाया पडतो."

बाजूने फक्त अंगठी वाजली. एकदाच.

टक.

हळू, बेटा. काटा पन्नासवर.

यवतमाळपर्यंत तो विनवत राहिला. शिव्याही दिल्या. काटा हलला नाही. मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावरच जीप थांबली, कुणीतरी अलगद ब्रेक लावावा तशी.

दिपाली वाचली.

बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, धीर द्यायला म्हणून बोलल्या. "अजून थोडा उशीर झाला असता तर आईही गेली असती." मग त्यांच्याही नकळत पुढचं वाक्य तोंडून निघून गेलं. "थोडं आधी आला असता, तर दोघी वाचल्या असत्या."

ही दोन वाक्यं अमरच्या दोन कानांत बसली आहेत, ती आजतागायत निघालेली नाहीत. उस्तादने वाचवलं म्हणून हात जोडावेत, की अडवलं म्हणून शिव्याशाप द्यावेत, हे त्याला कळत नाही. मलाही कळत नाही.

मागच्या महिन्यात मी ढाणकीला गेलो होतो. सकाळची वेळ. जीप अंगणात निंबाखाली उभी होती. त्या दिवसानंतर तिच्या टाकीत डिझेल पडलेलं नाही. बॅटरीही काढून ठेवली आहे, अमर म्हणाला. मी त्याच्या कानांकडे पाहिलं.

डाव्या सीटवर लहान बाळाचं एक दुपटं घडी करून ठेवलेलं होतं.

"बोनेटले हात लावून पाह्य," अमर हळूच म्हणाला.

लावला. आणि चटकन काढून घेतला. चांगलं तापलेलं होतं.

दिपाली चहा घेऊन बाहेर आली. माझा हात तिने पाहिला असावा. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. घरातलं रोजचं काहीतरी सांगावं तसं ती बोलली.

"आत्ताच आली गाडी, भाऊजी. ते अंगठीवाले चाचा हायेत ना, ते रोज सांजच्याले जातेत माह्यं लेकरू आणाले. आणतीन ते. पन्नासच्या वर चालवतच नाहीत ना... म्हून येळ लागून राह्यला."

तिने दुपटं उचललं, झटकलं आणि पुन्हा नीट घडी घालून सीटवर ठेवलं.