चांदणीचे तापलेले खूर

"तिसऱ्यांदा नाल बदलली! आता काय पाय बदलणार?" दर्शना ओरडली.

शहाडला तिच्या देवेशकाकाच्या तबेल्यात चांदणी पुढचे पाय लांब टाकून, मागे रेलून उभी होती. चांदणी म्हणजे वरातीची पांढरी घोडी. ती लंगडत होती, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं.

"अशक्तपणा गो, पोरी," काका म्हणाला. "लंगडली की मी गूळ-बाजरी वाढवतो."

"आणि वाढवली की?"

"अजून लंगडते. म्हणून अजून वाढवतो."

दर्शनाच्या आतेभावाने, सूरजने, हे वहीत लिहून घेतलं. काही वाक्यं जपून ठेवावीत.

रविवारच्या वरातीत बावीस आत्या-मावश्यांनी चांदणीला गूळ-डाळ भरवली. रिवाजच तसा. सोमवारी ती दिवसभर तबेल्यातच होती. काकाने लाडाने लग्नातली उरलेली जिलेबी चारली. मंगळवारी तिला पाऊल उचलवेना.

"काल तर ती चाललीच नाही!" दर्शनाने खुराला हात लावला. "सूरज, केवढं तापलंय! हे चालून नाही, खाऊन दुखतंय!"

तिने तडक कल्याणच्या घोड्यांच्या डॉक्टर विनितांना फोन लावला. दुपारी त्या आल्या, खूर तपासले आणि रक्त काढलं.

"गूळ, धान्य, जिलेबी. सगळ्याची रक्तात साखर होते. ती आवरायला शरीर इन्सुलिन सोडतं. ते फार वाढलं की खुराच्या आत सूज येते. वरून खूर नखासारखा कडक! सूज जाणार कुठे? आणखी चालवलीत तर कायमची अधू होईल."

"घोड्याला कसलं आलंय इन्सुलिन!" काका हसला. "संध्याकाळची वरात होणारच. शब्द दिलाय मी."

दर्शनाचे कान लाल झाले. "तुमच्या शब्दासाठी हिने पाय द्यायचा?" ती तबेल्याच्या दारात आडवी बसली. "मला ओलांडून न्या!"

सूरज मात्र शांतपणे नवरदेवाकडे, सुदेशकडे गेला.

"दादा, घोडी लंगडतेय. तुम्ही वर असताना ती मटकन बसली, तर पडाल. काळजी नको, व्हिडिओ मी काढेन."

सुदेशदादाने फेटा सावरला. त्याची वरात फुलांनी सजवलेल्या रिक्षातून निघाली. मीटर डाऊन होतं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. इन्सुलिन भयंकर वाढलेलं! काकाने गुळाचा डबा उचलून तबेल्याबाहेर नेला. गूळ-बाजरी बंद, वराती बंद, औषध सुरू. चारासुद्धा तो पाण्यात भिजवून, साखर उतरवून घालू लागला.

जूनमध्ये डॉक्टर पुन्हा आल्या. "या दोघांमुळे घोडी वाचली," त्या म्हणाल्या.

"शाबास रे पोरांनो!" काकाने दर्शनाच्या पाठीवर थाप मारली.

"शाबासकी नको. माफी मागा. माझी नाही, हिची!"

काकाने आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि चांदणीसमोर जाऊन हात जोडले. चांदणी एक पाऊल पुढे आली आणि तिने पुढचा पाय नेमका त्याच्या पायावर ठेवला.

"आई गं!"

"डॉक्टर, बघा!" सूरज ओरडला. "पूर्ण वजन टाकलंय!"

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "काका, हलू नका. मला नीट बघू द्या."