पट अठरा, हजर एकोणीस

गोपाळकृष्ण गुरुजींनी देवाच्या डोक्यावर पहिलं फूल ठेवलं आणि फोन वाजला. पूजेत असताना फोन घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. पण तो चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी देवाकडे बघून हात जोडले आणि उचलला.

“गुरुजी, मी दमयंती. शाळेतून बोलतेय.” मुख्याध्यापिकेचा आवाज कापत होता. “आजही तेच झालंय. रात्रभर राखण बसवली होती, तरीही.”

“तेच म्हणजे काय गो?”

“एकोणीस.”

पुढचं काही न विचारता गुरुजींनी टोपी घातली.

तळवाडीची शाळा म्हणजे जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. गुरुजींची बावीस वर्षं तिथे गेली होती. निवृत्तीनंतर ते कीर्तनाला उभे राहू लागले, आणि शुक्रवारी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचंच कीर्तन होतं. आज बुधवार. एरवी अशा आठवड्यात रस्त्यापर्यंत नाचाची गाणी ऐकू यायची. आज धुक्यात शाळा नुसती उभी होती. मुलं पडवीत एकमेकांना चिकटून बसली होती.

दमयंतीबाईंनी त्यांना मोठ्या वर्गात नेलं.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रंगाने कायमची आखलेली चौकट होती. पट आणि हजर. शाळेचा पट अठराचा. त्यातली मनाली दोन दिवस आजारी, म्हणजे काल हजर सतरा. बाईंनी स्वतः लिहिलेले.

आता तिथे लख्ख पांढऱ्या खडूत होतं: पट १८, हजर १९.

“सोमवारी उघडलं तेव्हा हेच. वाटलं, कुणीतरी गंमत केली. मंगळवारी पुन्हा. काल संध्याकाळी संदेश सर आणि वाडीतले दोघे पडवीत बसले ते सकाळपर्यंत. कुलूप मी उघडलं. आणि हे.”

“एकोणिसावं कोण, असं म्हणतात?”

दारातून चौथीतली मनस्वी म्हणाली, “राही आलीय, गुरुजी. तिला पण नाचायचंय.”

राही. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या कुसुमची मुलगी. पहिलीत असताना तापाने गेली, भातकापणीच्या दिवसांत. तीन वर्षं झाली. असती तर यंदा चौथीत असती.

गुरुजींनी मनात रामनाम घेतलं. मग चष्मा पुसला आणि फळ्याला नाक लागेल इतके जवळ गेले.

“चार पालकांनी दाखले मागितलेत,” बाई हळूच म्हणाल्या. “शनिवारी देते म्हटलं. ते गेले की आणखी जातील. पट एवढा घसरला तर शाळा पालीच्या शाळेत मिसळतील, असं कानावर आलंय. आपल्याला शुक्रवारपर्यंतच वेळ आहे, गुरुजी.”

“फळा कोण पुसतं?”

“मुलं. डस्टरने.”

“हा डस्टरने पुसलेला नाही. ओल्या फडक्याने पुसलाय. आणि आकडे बघ कसे चमकतायत. ओल्या फळ्यावर खडू आधी दिसतच नाही नीट, वाळला की उठतो.” ते मागे सरले. काळ्या फळ्यावर फडक्याच्या पांढुरक्या खुणा वाळल्या होत्या. एकात एक अडकवलेली अर्धवर्तुळं, खळं सारवावं तशी. फक्त त्या अर्धवर्तुळांची पाठ भलत्या बाजूला होती. गुरुजींनी हवेत उजवा हात फिरवून पाहिला. जमेना.

“संदेश सरांना बोलाव.”

संदेश सर रात्रीच्या जागरणाने लाल डोळ्यांनी आले. तिशीचा तरुण, मंडणगडचा, घर सोडून चार वर्षं इथे.

“झोपलात का मध्येच?”

“शपथ, गुरुजी. आळीपाळीने जागलो. मांजरसुद्धा आलं नाही.”

“बदलीचा अर्ज केलायत म्हणे.”

“केलाय ना! आई एकटी आहे घरी. पण म्हणून मी भुताचा धंदा करीन?”

“मी कुठे म्हटलं? संध्याकाळी कुलूप कोण लावतं?”

“मी.”

“आत बघून?”

“आत काय बघायचं? नाच बसवता बसवता साडेपाच होतात. कुसुमताई आतल्या कोठीतून उद्याचं धान्य काढतात, कोठी बंद करून बाहेर येतात, ‘झालं सर’ म्हणतात. मी कुलूप घालून परत पोरांकडे पळतो. मागच्या दाराला आतून अडसर आहे, तो रोज सकाळी जागच्या जागी असतो.”

“शनिवारीही तसंच?”

“तसंच, पण सकाळची शाळा. मीच चौथीच्या निरोपगीताची यादी भिंतीला लावली आणि कुलूप घातलं.”

यादी अजून फळ्याशेजारीच होती. चार नावं.

बाहेर फाटकाशी व्हॅनचा हॉर्न वाजला. सागर पालीच्या इंग्रजी शाळेची व्हॅन चालवायचा. हल्ली रोज इथे थांबायचा.

“काय रे, गिऱ्हाईक शोधतोस?” गुरुजींनी खिडकीशी जाऊन विचारलं.

“गुरुजी, माझ्यावर नका घालू,” सागर हसला. “तुमच्या भुताने माझी व्हॅन भरली तर मी काय करू?”

“शनिवारी कुठे होतास?”

“जयगडला. मेव्हण्याचं लग्न. सोमवारी दुपारी आलो. मटणाचा वास अजून येतोय बघा शर्टाला.”

म्हणजे पहिला एकोणीस उमटला तेव्हा हा गावातच नव्हता. गुरुजींनी मान हलवली.

जेवणाच्या सुट्टीआधी आहाराची चव घेऊन वहीत सही करायची, हा शाळेचा रोजचा रिवाज. आज बाईंनी ती वही गुरुजींपुढे धरली. ते स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले.

“बसा गुरुजी, इथं सारवलंय कालच.” कुसुमने पाट सरकवला. चव्वेचाळीस वर्षांची, पण केस पार पांढरे. तिने उजव्या हाताने डाव धरून खिचडी वाढली. डाव जरासा लटपटला, चार शितं जमिनीवर पडली.

“भिंतीतून येती ती पोर, असं म्हणतात सगळी,” ती चुलीकडे बघत म्हणाली. “तुमाला काय वाटतं?”

“तुला भीती वाटते?”

“माज्या पोरीची? मला कशी वाटंल?”

गुरुजींनी घास घेतला. दाताखाली काही जाडसर आलं. बोटावर घेऊन पाहिलं. तांबडं शीत. मग आणखी एक. सरकारी तांदूळ पांढराशुभ्र. हा तांबडा तांदूळ वाडीतल्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीत होतो.

पंगत उठली तरी टोपात एका पोराला पुरेल इतकी खिचडी उरली होती. कुसुम कधी मापात चुकत नसे.

“धान्याचा हिशेब जुळतो का गो?” गुरुजींनी बाईंना विचारलं.

“चमचाभर इकडे तिकडे नाही.”

त्यांनी वहीत सही केली. उठताना त्यांची नजर पायाखालच्या जमिनीवर गेली, आणि ते तिथेच क्षणभर थांबले. कीर्तनात चाल विसरावी तसे.

दुपारभर ते पडवीत बसून राहिले. कुणीतरी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. मनस्वी झांज घेऊन आली, “गुरुजी, शिकवा ना,” म्हणाली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. एका आख्यानाचा शेवट त्यांना कळला होता, आणि तो सांगायला जीभ उचलत नव्हती.

साडेपाच वाजले. मैदानात नाच चालू होता. कुसुम बाहेर आली. “झालं सर.” संदेश सरांनी कुलूप घातलं.

“उघडा,” गुरुजी म्हणाले.

“आत्ताच तर लावलं!”

“आत्ताच उघडा. दमयंती, तूही ये. कुसुम, थांब गो.”

उतरतं ऊन खिडकीतून आत आलं होतं. फळा ओला होता. ओल्या काळ्यावर आकडे फिकट, धुक्यातल्यासारखे दिसत होते. आणि मग तिघांच्या डोळ्यांदेखत, पाणी उडत गेलं तसे, ते हळूहळू पांढरे होत वर आले.

हजर १९.

संदेश सरांनी दाराची चौकट धरली.

“रात्री इथे कुणीच येत नव्हतं,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “म्हणून राखणीत कुणी सापडलं नाही. तुम्ही कुलूप लावायचात, तेव्हा एकोणीस आधीच आत असायचा. एरवी कुणीतरी फळ्याकडे बघितलं असतं. पण संमेलनाच्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष मैदानात.”

“पण शेवटी आत तर...” बाई थांबल्या. सगळ्यांच्या माना कुसुमकडे वळल्या. तिच्या पदराचं टोक भिजलेलं होतं.

“शक्यच नाही!” संदेश सर म्हणाले. “शाळा बंद झाली तर पहिली चूल त्यांची विझेल!”

“म्हणूनच कुणाला संशय आला नाही. मलाही नाही, दुपारपर्यंत. मग घासात तांबडं शीत आलं. शाळेचा तांदूळ तर मापात बरोबर. म्हणजे कुणीतरी घरून मूठभर आणून टाकतंय, एका पोराच्या वाट्याचा. फळ्यावर एक जास्त, टोपात एक जास्त.” गुरुजी फळ्याकडे वळले. “तरी मी मनाची समजूत घालत होतो. पण फळा सारवल्यासारखा पुसलाय, आणि उलट्या हाताने. शेडमधली जमीनही तशीच. वाडीत डाव्या हाताने सारवणारी एकच बाई आहे. वाढताना उजवा हात वापरते, म्हणून कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ती पहिलीत पाटीवर डाव्या हाताने लिहायची, आणि मी त्या हातावर पट्टी मारली होती.”

बाहेर गाणं मध्येच बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

“एकदा नाय,” कुसुम म्हणाली. “वरीसभर मारलीत.”

“हो,” गुरुजी म्हणाले. “वर्षभर.”

“लिवला मी उजव्यानंच. तुमी शिकवलंत तसा. डावा हात पुसायला ठेवला.” ती भिंतीवरच्या यादीकडे वळली. “शनवारी ही लागली. चार नावं. पाचवं कुनाच्या ध्यानात पन नाय. मी अठरा पुसलं आनि एकोनीस लिवलं. सोमवारी आल्याबरोबर पुसनार होते, पन बाई आधी आल्या.”

“मग मंगळवारी? आज?” दमयंतीबाईंच्या आवाजात राग होता. “कुसुमताई, चार दाखले गेले असते! तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं.” कुसुम खाली बसली. “बाई, तीन वर्सं माज्यापुढं कुनी तिचं नाव घेतलं नाय. मी आले की सगळी गप. मला बरं वाटावं म्हनून. सोमवारी अख्खी वाडी राही राही करत होती. राही कशी हसायची, राही कुठं बसायची. मी चुलीशी बसून ऐकत होते. आनखी एकच दिस, म्हटलं. आनखी एक.”

दमयंतीबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. संदेश सर खिडकीबाहेर बघत राहिले.

“वाडीला मी काय सांगू आता?” बाईंनी विचारलं.

“काय बी नको. मी सांगन.”

शुक्रवारी संमेलनाला मंडप भरला. दाखले मागणारे चौघेही आले होते, पण पोरांचे हात घट्ट धरून. गुरुजी गळ्यात हार घालून उभे राहिले. टाळ वाजले, पूर्वरंग झाला. उत्तररंगाच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, “आजचं आख्यान माझ्याकडे नाही.”

कुसुम पुढे आली. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. कुणीतरी मागून ओरडलं, “पोरांना भेव घातलंस की!” ती म्हणाली, “घातलं. चुकले.” आणि तिथेच उभी राहिली.

मग मनस्वी उठली. “राही माझ्या शेजारी बसायची,” ती म्हणाली. “माझी पेन्सिल तोडायची.” कुणीतरी हसलं. मग एक बाई म्हणाली, राहीला करवंदं आवडायची. मग आणखी कुणी बोललं. हळूहळू चौघांनीही पोरांचे हात सोडले.

दुसऱ्या दिवशी चारपैकी एकच पालक दाखला न्यायला आला. बाईंच्या टेबलापाशी थोडा वेळ उभा राहिला, पोराचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं आणि तसाच परत गेला.

गुरुजी वर्गात होते. मुलं बसली होती, मनालीही बरी होऊन आली होती. गुरुजींनी कुसुमला बोलावलं आणि खडू पुढे केला. तिने उजवा हात पुढे आणला. गुरुजींनी खडू दिला नाही.

“त्या हाताने नको.”

कुसुमने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग डावा हात पदराला पुसला.

वळण अगदी पहिलीतल्या पोरासारखं आलं. वाकडं, थरथरतं. पट १८. हजर १८.

गुरुजी टोपी काढून उभे होते.